आभासी शेत, भाड्याची यंत्रे व आमच्या मुलांचे शिक्षण

आमच्या एका जुन्या वर्गणीदार बंधूंचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांचे चिरंजीव कृषि महाविद्यालयात तिसऱ्या वर्षात शिकत आहेत. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले असता ते वडिलांस म्हणाले की, आम्ही एका दुपारी तीस वर्षांची रब्बी ज्वारी पेरली आणि काढलीही. वडील स्वतः चाळीस वर्षे ज्वारी पिकवीत आलेले, तेव्हा त्यांस हे बोलणे थट्टेचे वाटले. अधिक विचारता असे कळले की, ती ज्वारी संगणकात पेरली होती, आणि तो संगणकही महाविद्यालयाच्या मालकीचा नसून मुंबईकडे कोठेतरी तासाच्या भाड्याने घेतलेला होता. ‘यास शिक्षण म्हणावे की खेळ?’ असे पत्रलेखक आम्हांस विचारतात.

या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे व तो अधिक निकडीचा आहे. हे गृहस्थ आपल्या गावच्या माध्यमिक विद्यालयाच्या समितीवर आहेत. माजी विद्यार्थ्यांनी दिलेली काही रक्कम समितीच्या हाती आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, तीतून संगणकाची खोली करावी व ‘क्लाउड’ घ्यावा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, शाळेच्या मागील पडीक एकरास कुंपण घालावे, विहिरीवर पंप बसवावा आणि मुलांस खरेखुरे शेत द्यावे. पौषात बैठक आहे. रक्कम एकच, ती दोन ठिकाणी पुरणारी नाही. असे उत्तर घरबसल्या देणे आम्हांस योग्य वाटले नाही, म्हणून चार जाणत्या माणसांकडे चौकशी केली आणि एका कृषि विद्यालयात जाऊन असा एक पाठ समक्ष पाहिला. त्याचा वृत्तांत व आमचे मत पुढे देत आहोत.

प्रथम नकलेच्या शिक्षणाविषयी. जे काम खरोखर करून शिकताना जीव, पैसा किंवा काळ फार खर्ची पडतो, ते काम आधी नकलेत करून शिकावे ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा कारखाना बाजाचे ऑर्गन व आपोआप वाजणारे पियानो बनवीत असे. ऑर्गनाचे भाते व हवेचे पंप घेऊन लिंकने १९२९ साली एक ठेंगणे खोटे विमान केले. ते जमिनीवरच राही, पण आत बसणाऱ्याच्या हालचालीप्रमाणे कले, वळे आणि डोलत असे. आरंभी त्यास जत्रेतील पाळण्याच्या मोलाचे समजत. १९३४ साली अमेरिकेच्या सैन्याकडे विमानाने टपाल नेण्याचे काम आले. धुके व हिमवादळे यांत केवळ यंत्रांवर नजर ठेवून विमान चालविण्याची सवय वैमानिकांस नव्हती, त्यामुळे थोड्याच आठवड्यांत अनेकांचे प्राण गेले. तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच लाख वैमानिक अशा यंत्रांवर शिकून बाहेर पडले. खोट्या विमानात चूक केली तर पुन्हा बसता येते, खऱ्यात येत नाही.

शेतीत चुकीने सहसा जीव जात नाही, परंतु वर्ष जाते. रब्बी ज्वारी पंधरा दिवस उशिरा पेरल्याचा परिणाम समजावयास एक हंगाम लागतो. तोही एकाच पाऊसमानाचा अनुभव. दुसऱ्या वर्षी परतीचा पाऊस निराळा, जमिनीतील ओल निराळी. म्हणजे पेरणीची तारीख या एका गोष्टीचे खरे ज्ञान होण्यास मनुष्याचे अर्धे आयुष्य लागते. आणि ते ज्ञान झाले म्हणजे मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता काळ बदलला.’ विद्यार्थ्याजवळ तर चारच वर्षे असतात.

संगणकात पीक वाढते ते कसे? त्यात चित्रातील हिरवी पाने हलतात असा काहींचा समज आहे, तो बरोबर नाही. ते मूळतः खतावणीचे काम आहे. जमिनीतील पाण्याचे एक खाते असते. पाऊस पडला की जमा. वाहून गेले, उन्हाने उडाले, पिकाने शोषले, मुळांखाली झिरपले, हे सर्व खर्ची. अशी शिल्लक रोजच्या रोज काढावयाची. दुसरे खाते उष्णतेचे. प्रत्येक दिवसाची ऊब मोजून बेरीज करीत जावयाचे. अमुक बेरीज झाली की पीक पोटऱ्यात आले, अमुक झाली की फुलले असे धरावयाचे. तिसरे खाते सूर्यप्रकाशाचे. पानांनी किती प्रकाश अडविला, त्यापासून किती वाढ झाली, आणि पाणी किंवा नत्र कमी पडल्यामुळे त्या वाढीतून किती कापावे लागले, हे त्यात येते. पेरणीपासून काढणीपर्यंत रोज ही खाती लिहिली म्हणजे शेवटी धान्य व कडबा यांचा आकडा निघतो. यासाठी रोजचा पाऊस, कमाल व किमान तापमान, सूर्यप्रकाश, जमिनीच्या थरांचे मोजमाप, वाण, पेरणीची तारीख, रोपांची दाटी आणि खत एवढी माहिती पुरवावी लागते.

ही किमान माहिती कोणती असावी हे ठरविणारी एक बैठक १९८३ च्या मार्च महिन्यात हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत भरली होती. हवाई विद्यापीठाच्या पुढाकाराने १९८२ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय योजनेचा तो भाग होता, आणि त्या योजनेतून ‘डीसॅट’ या नावाने ओळखला जाणारा पीकगणिताचा संच १९८९ साली प्रथम बाहेर आला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात टूवूम्बा येथे तयार झालेला ‘ॲप्सिम’ हा दुसरा संच. दोन्ही आज शिक्षणाकरिता विनामूल्य मिळतात. पाण्याचे खाते तर आम्हांस परके नाहीच. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात १९३३ पासून शेतातून वाहून जाणारे व जमिनीत मुरणारे पाणी मोजण्याचे काम झाले. ज्यांनी कानिटकरांचा १९४४ सालचा कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ पाहिला असेल, त्यांस संगणकातील हे खाते पाहून जुना स्नेही नव्या अंगरख्यात भेटल्यासारखे वाटेल.

आता क्लाउड म्हणजे काय ते सांगू. क्लाउड म्हणजे ढग, पण त्यात ढगासारखे काहीच नाही. भक्कम इमारत, तीत रांगेने मांडलेले हजारो संगणक, त्यांस अखंड वीज आणि त्यांस थंड ठेवण्याची मोठी व्यवस्था असा तो कारखाना असतो. मायक्रोसॉफ्टचे असे केंद्र पुणे येथे २०१५ पासून व ॲमेझॉनचे मुंबईत २०१६ पासून चालू आहे. आपल्या केंद्र सरकारने आपल्या कामाकरिता उभारलेल्या योजनेस ‘मेघराज’ असे नाव दिले आहे व तीतील पहिला राष्ट्रीय क्लाउड २०१४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. (आमचे डोळे ज्या मेघराजाकडे लागलेले असतात तो निराळा, हे वाचकांस सांगावयास नकोच.) वीज किंवा नळाचे पाणी जसे मोजून विकत घेतात तशी गणनशक्तीही घेता येईल, असे जॉन मॅकार्थी या अमेरिकन विद्वानाने १९६१ सालीच बोलून दाखविले होते. व्यवहारात ती गोष्ट रूढ झाली ती ॲमेझॉनने २००६ साली आपले संगणक भाड्याने देण्यास आरंभ केल्यापासून. यंत्र कोणाचे व कोठे आहे याची पंचाईत न करता, हवे तेव्हा हवे तितके घ्यावे, काम संपताच सोडावे आणि वापरले तेवढ्याचेच दाम द्यावे, एवढे त्याचे सार आहे.

यातील मर्म हिशेबाने उघड होते, म्हणून पाहिलेल्या पाठाचाच हिशेब देतो. तीस वर्षांचे हवामान, पेरणीच्या पाच तारखा, जमिनीच्या तीन खोल्या आणि रोपांच्या चार दाट्या घेतल्या की एका विद्यार्थ्याचे १,८०० हंगाम झाले. वर्गात साठ विद्यार्थी, प्रत्येकाचे गाव निराळे. एकूण १,०८,००० हंगाम. एका हंगामास एक सेकंद धरला तर एका संगणकास हे काम करण्यास तीस तास लागतील. तेच शंभर संगणकांवर वाटले तर अठरा मिनिटांत उरकते. भाडे मात्र दोन्ही वेळा तीस तासांचेच पडते! एका मजुरास शंभर दिवस लावणे आणि शंभर मजुरांस एक दिवस लावणे यांत मजुरी सारखीच. पण आभाळ भरून आले असता आणि ज्वारी खळ्यात पडली असता या दोहोंत केवढे अंतर आहे हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे? कोणत्याही विद्यालयाने शंभर संगणक विकत घेऊन वर्षातून चार दुपारींकरिता ठेवणे म्हणजे मळणीचे यंत्र घेऊन ते अकरा महिने गोठ्यात उभे करण्यासारखे आहे.

असे शिक्षण परदेशात बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने २००२ साली ‘नॅनोहब’ नावाचे स्थान उघडले. अतिसूक्ष्म विद्युत्-साधनांची अवघड गणिते तेथील दूरच्या संगणकांवर चालतात आणि विद्यार्थी आपल्या साध्या संगणकावरून आकडे बदलून परिणाम पाहतो. क्लाउड हा शब्द प्रचारात येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. आपल्याकडे केंद्रीय शिक्षण खात्याच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ या योजनेत अनेक आय.आय.टी. संस्थांबरोबर पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालयही सहभागी आहे. असो.

आता त्या पाठाकडे वळू. विद्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. खोलीत साठ मुलेमुली, त्यांच्यापुढे वीस जुनाट संगणक, एकेकावर तिघे. गुरुजी तरुण, स्वतः कोरडवाहू शेतकऱ्याचे चिरंजीव. वाण मालदांडी घेतला होता. खोल काळ्या जमिनीच्या एक मीटर थरात पिकास उपयोगी असे पाणी साधारणतः १५० ते २०० मिलिमीटर मावते, हलक्या व उथळ जमिनीत त्याच्या निम्मेही मावत नाही, एवढे सांगून त्यांनी मुलांस कामास लावले. पहिल्या गणितांचे निकाल येऊ लागले आणि मुले एकमेकांस आकडे दाखवू लागली, इतक्यात इंटरनेट बंद पडले. शंभर संगणक मुंबईस सज्ज, आणि मधला एक तार नादुरुस्त!

आमच्या मते पाठाचा उत्तम भाग येथूनच सुरू झाला. गुरुजींनी खडू घेऊन फळ्यावर जूनमधील दहा दिवसांचा पाऊस लिहिला आणि मुलांस पाण्याचे खाते हाताने मांडावयास सांगितले. अर्ध्या तासात पन्नास वह्यांतून शिल्लक निघाली. मागल्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली की, सर, हे गणित पाणी वरच्या थरातून खालच्या थरात एकामागून एक भरत जाते असे धरते, पण आमच्या शेतात जूनमध्ये हात जाईल एवढ्या भेगा असतात. पहिल्या पावसाचे पाणी वरचा थर न भिजवता थेट खाली जाते. गुरुजी क्षणभर थांबले व म्हणाले, ‘तुझे म्हणणे खरे आहे. हे गणित भेगा ओळखत नाही.’ मग दुसरा मुलगा म्हणाला, पोंगेमर झाली तर? खोडमाशीचा उपद्रव पेरणीच्या वेळेप्रमाणे कमीअधिक होतो हे सर्वांस ठाऊक आहे; पण या गणिताच्या नेहमीच्या वापरात कीड नाही, तण नाही, पाखरे नाहीत असे धरलेले असते. तिसऱ्याने हुरड्याची चोरी कोणत्या खात्यात घालावी असे विचारले व वर्ग हसला. इंटरनेट परत आले तेव्हा मुलांचे आकडे व यंत्राचे आकडे ताडून पाहिले. बहुतेक जुळले, जेथे जुळले नाहीत तेथे चूक कोणाची यावर घंटा होईपर्यंत वाद चालला.

आम्ही हे मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे. ज्या मुलीने भेगांचा आक्षेप काढला, तिने भेगा शेतात पाहिल्या होत्या. ज्याने शेत पाहिलेच नाही, त्यास संगणकाचा आकडा हा देवाचा कौल वाटेल व तो तसाच तुमच्या बांधावर येऊन तुम्हांस सांगेल. उलट, शेत पाहिलेल्या मुलास आभासी शेताने फार मोठा लाभ होतो. तीस वर्षांपैकी किती वर्षांत उशिराची पेरणी साधली व किती वर्षांत ती बुडाली, हे तो एका दृष्टीत पाहू शकतो, आणि ‘गेल्या साली असे झाले म्हणून यंदा असेच करू’ ही आमची जुनी खोड त्यास लागत नाही. वाफसा आला की नाही हे मात्र संगणक सांगणार नाही. त्याकरिता मूठभर माती हातात दाबूनच पाहिली पाहिजे. पत्रलेखकांच्या पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर यात आले: त्यांचे चिरंजीव खेळत नव्हते. सुट्टीत त्यांस एक आठवडा कुळवाबरोबर चालवावे, म्हणजे शिक्षण पुरे होईल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निराळे आहे, आणि ते संगणकाच्या पक्षास आवडणार नाही. माध्यमिक शाळेस भाड्याच्या संगणकांची गरजच नाही. आठवी-दहावीच्या मुलांस उपयोगी असे आभासी प्रयोग हलके असतात. त्यांचे गणित मुलाच्या समोरच्या संगणकावर, किंबहुना साध्या मोबाईलवरही होते. नोबेल पारितोषिक मिळविलेले पदार्थविज्ञानवेत्ते कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू केलेले ‘फेट’ नावाचे प्रयोग विनामूल्य आहेत, त्यांतील अनेक मराठीत झाले आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालतात. विद्युत्-मंडल जोडणे, घनता, प्रकाशाचे वक्रीभवन हे सर्व मूल त्यांत हाताने करून पाहते. यासाठी चांगल्या स्थितीतील दोनतीन संगणक व भिंतीवर चित्र पाडणारे एक यंत्र पुरेसे आहे. उरलेली रक्कम, आणि ती बरीच उरेल, कुंपण व पंप यांकडे लावावी असे आम्ही पत्रलेखकांस कळविले आहे. ज्या मुलाने भेग पाहिली नाही त्यास पुढे महाविद्यालयात आभासी शेत देऊन काय होणार?

कृषि महाविद्यालयांची गोष्ट वेगळी. तेथे हजारो हंगामांचे गणित एका तासिकेत करावयाचे असते, तेथे भाड्याची यंत्रेच योग्य. तथापि दोन सावधगिरीच्या सूचना कराव्याशा वाटतात. एक पैशाविषयी. हे भाडे मीटरप्रमाणे चढते. आम्हांस एका शिक्षकांनी सांगितले की, शनिवारी पाठ संपल्यावर यंत्रे बंद करावयाची राहून गेली आणि सोमवारी देयक पाहून प्राचार्यांनी त्यांस बोलावून घेतले. रात्रभर पंप चालू राहिला तर निदान शेत तरी भिजते. तेव्हा खर्चाची मर्यादा आधी बांधून ठेवावी, व ती गाठताच यंत्रे आपोआप बंद होतील अशी योजना करावी.

दुसरी सूचना माहितीविषयी, व ती आम्हां शेतकऱ्यांस अधिक लागू आहे. विद्यार्थी आपापल्या गावच्या जमिनींची तपासणी, पेरणी व उत्पन्न यांचे आकडे या यंत्रांत भरतात. कोणत्या गटात कोणाचे किती पिकले हे परक्याच्या इमारतीत जाऊन पडते. ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-ॲपवरील शिक्षक व विद्यार्थी यांची खासगी माहिती क्लाउडवर कुलुपाशिवाय राहिली होती, असे २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. यंत्र दुसऱ्याचे असले तरी कुलूप घालण्याचे काम बहुधा आपलेच असते. म्हणून आमच्या बंधूंनी आकडे अवश्य द्यावे, पण नाव व गट क्रमांक यांवाचून द्यावे. गणितास जमिनीची खोली व पोत लागतो. सातबारा लागत नाही.

एक गोष्ट राहिली. गुरुजींनी आम्हांस निघताना विचारले की, तुमच्या संस्थेच्या कार्यालयात पर्जन्यमापक आहे, त्याच्या जुन्या नोंदी मिळतील काय? तापमान व सूर्यप्रकाश यांचे गेल्या चाळीस वर्षांचे अंदाजी आकडे अमेरिकेची नासा संस्था कोणासही फुकट देते. परंतु पाऊस या शिवारात पडतो व त्या शिवारात पडत नाही, त्यामुळे तो जागच्या जागी मोजलेलाच हवा. आम्ही परत येऊन कपाट उघडले. वह्या आहेत, पण सलग नाहीत. तीन वह्यांस वाळवी लागली आहे व एका वहीतील श्रावण-भाद्रपदाची पाने कोणी फाडून नेली आहेत. ज्या वर्षी पाऊस विचित्र झाला त्याच वर्षाची वही नाहीशी व्हावी, हे विशेष. उरलेल्या वह्या उतरवून काढण्याचे काम दोन विद्यार्थ्यांनी हाती घेतले आहे. आमच्या सभासदांपैकी काहींचे वडील घरी पाऊस मोजून टिपून ठेवीत असत, हे आम्हांस ठाऊक आहे. ज्यांच्याजवळ अशी वही, पंचांगाच्या समासातील टिपणे किंवा दुकानच्या रोजमेळातील नोंदी असतील, त्यांनी त्या माघ शुद्ध पंचमीपर्यंत कार्यालयात आणून द्याव्या. त्यांची नक्कल आमच्या समोर करून घेऊन मूळ वही त्याच दिवशी परत केली जाईल.